चांदी वर आली, माणसे तळाशीच

मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जुन्या खजिन्याच्या खटल्याचा निकाल दिला. आपल्याकडे निवडणुकीची धामधूम होती, त्यामुळे वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यातली ती बातमी फारशी कुणाच्या नजरेत भरली नसावी. खटला होता चांदीच्या २,३६४ लगडींचा. ती चांदी हिंदी महासागराच्या तळाशी, अडीच किलोमीटरहून अधिक खोलीवर पंचाहत्तर वर्षे पडून होती. एका ब्रिटिश खासगी कंपनीने २०१७ मध्ये ती यंत्रांच्या मदतीने वर काढली, साउदॅम्प्टनला नेली आणि बक्षिशीचा हक्क सांगितला. दक्षिण आफ्रिका सरकारचे म्हणणे असे, की ही चांदी आमची. नाणी पाडण्यासाठी आम्ही ती मुंबईहून मागवली होती. खालच्या दोन्ही न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. बोटीच्या पोटात नुसती पडलेली चांदी ही ‘व्यापारी वापरात’ असलेली मालमत्ता म्हणता येणार नाही, म्हणून परक्या सरकारला मिळणारे संरक्षण दक्षिण आफ्रिकेला मिळते, असा त्या निकालाचा सारांश.

मी आयुष्याची तेहेतीस वर्षे बँकेत काढली. कोणाचे किती, कोणाचे कोणाकडे, हे तपासायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. तो निकाल वाचताना मला न्यायमूर्तींच्या तर्कशुद्धतेचे कौतुक वाटले. लगडी किती, कुणी विकल्या, कुणी घेतल्या, कोणत्या बंदरातून निघाल्या, सगळा हिशेब पाऊणशे वर्षांनंतरही चोख. पण ज्या बोटीत ती चांदी होती त्या बोटीवर माणसेही होती. त्यांच्या हिशेबाचे काय झाले?

त्या बोटीचे नाव ‘तिलावा’. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर ९५८ माणसे होती. त्यांतले सातशेहून अधिक उतारू, बहुतेक आफ्रिकेत दुकाने थाटलेले गुजराती व्यापारी आणि त्यांची बायकामुले. आणि दोनशेहून अधिक खलाशी. २३ नोव्हेंबरला पहाटेच्या अंधारात जपानच्या आय-२९ या पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडाली नाही. ती तग धरते आहे असे पाहून होड्यांत उतरलेले काही जण पुन्हा तिच्याकडे वळले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. ६७८ माणसे वाचली, २८० गेली. गेलेल्यांत २५२ उतारू होते आणि २८ खलाशी. वाचलेल्या बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने पाण्यातून काढून मुंबईला परत आणले.

कोकणात कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला ‘रामदास’ बोटीबद्दल विचारा. १७ जुलै १९४७, आषाढातली गटारी, रेवसला निघालेली बोट आणि सहाशेहून अधिक बळी, सगळे तो काल घडल्यासारखे सांगेल. ‘तिलावा’बद्दल मात्र आपल्याला काही ठाऊक नसते. याचे एक कारण सरळ आहे. ‘रामदास’ बुडाली ती शांततेच्या काळात, मुंबईच्या तोंडाशी. वाचलेले लोक पोहत किनाऱ्याला लागले आणि त्यांनी हकिगत सांगितली. ‘तिलावा’ बुडाली ती युद्धात, भर समुद्रात. बोटींच्या ये-जा करण्याच्या आणि बुडण्याच्या बातम्यांवर त्या काळी सेन्सॉरची कात्री होती. शत्रूला कळू नये म्हणून लपवलेली गोष्ट घरच्यांनाही कळत नाही, आणि युद्ध संपल्यावर ती मुद्दाम सांगायला कोणी येत नाही.

‘तिलावा’ ही एकच बोट नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी बोटींवर काम करणाऱ्यांपैकी साधारण एक चतुर्थांश माणसे हिंदी होती. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. हे खलाशी कुठून येत? डेकवरचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, कच्छ-सौराष्ट्रातून आणि सुरतेकडून. इंजिनाच्या भट्टीपुढे कोळसा ओढणारे पंजाबातून आणि सिल्हेटमधून. आणि स्वयंपाकघर, भोजनगृह सांभाळणारे बहुतेक गोव्याचे. धोबीतलावच्या आणि माझगावच्या ज्या ‘कुडां’त गोव्याची माणसे बोट मिळेपर्यंत पथारी टाकत, त्या कुडी या दर्यावर्दी नोकरीवरच उभ्या राहिल्या. खलाशांची भरती सारंगामार्फत होई. सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे भरी. त्यामुळे एक बोट बुडाली की एकाच खाडीकाठच्या पाच-सात घरांतली चूल एकदम विझे.

या माणसांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतका. झोपायची जागाही कायद्यानेच कमी. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा इंग्लंडच्या बंदरांत हिंदी खलाशांनी काम बंद केले. मागणी एवढीच, की मरणाचा धोका सारखा असेल तर भत्ता तरी वाढवा. शेकडो खलाशी तुरुंगात गेले. पण शेवटी भत्ता वाढवून द्यावा लागला. लंडनमध्ये त्यांची बाजू मांडणारे सूरत अली आणि कलकत्त्यात संघटना चालवणारे आफताब अली यांची नावे आपल्या शाळेच्या इतिहासात कधी आली नाहीत. एक गोष्ट गोऱ्या खलाशांच्याही बाबतीत खरी होती, आणि तीही सांगायला हवी. मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये पद्धतच अशी होती, की ज्या दिवशी बोट बुडाली त्या दिवसापासून खलाशाचा पगार बंद. करार बोटीशी, बोट गेली, करार संपला. पुढचे आठ दिवस तो माणूस उघड्या होडीत जिवाशी झुंजत असला, तरी ते दिवस बिनपगारी!

आठ दिवस हा आकडा मी सहज लिहिलेला नाही. १७ सप्टेंबर १९४०च्या रात्री अटलांटिकमध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडाला पाठवलेली ९० इंग्रज मुले तिच्यावर होती. त्यांतली ७७ दगावली. इंग्लंडमध्ये ही शोकांतिका आजही सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्या बोटीवर दीडशेहून अधिक हिंदी खलाशीही होते, आणि त्यांतले शंभरच्या आसपास त्या थंड पाण्यात गेले, हे क्वचितच कोणी सांगते. बारा क्रमांकाची एक होडी आठ दिवस भरकटत होती. तिच्यात ४६ जीव होते. सहा मुले, त्यांना गोष्टी सांगून जिवंत ठेवणारी मेरी कॉर्निश ही शिक्षिका, आणि ३२ हिंदी खलाशी. बाईंचे नाव इतिहासात राहिले. बत्तीस जणांचे राहिले ते ‘बत्तीस’ एवढेच.

समुद्र मात्र असा भेद करीत नाही. ज्या २३ नोव्हेंबर १९४२ला ‘तिलावा’ बुडाली, त्याच तारखेला दक्षिण अटलांटिकमध्ये ‘बेनलोमंड’ ही दुसरी ब्रिटिश बोट पाणबुडीने बुडवली. तिच्यावरचा पून लिम हा चिनी वाढपी लाकडी तराफ्यावर एकटा १३३ दिवस जगला. पावसाचे पाणी आणि पकडलेले मासे यांवर तगून तो ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ सापडला. तो सापडला म्हणून त्याची कथा झाली. त्याच्यासारखेच जे पन्नासाव्या किंवा शंभराव्या दिवशी डोळे मिटले असतील, त्यांचा उल्लेख कंपनीच्या कागदावर फक्त दोन शब्दांत: समुद्रात बेपत्ता.

‘बेपत्ता’ हा शब्द वाचायला सोपा आहे, जगायला फार अवघड. १९८६च्या सुमारास माझी बदली दक्षिण कोकणातल्या एका खाडीकाठच्या शाखेत झाली होती. तिथे एक आजी दर महिन्याला मुलाची मनिऑर्डर जमा करायला येत. कपाळाला ठसठशीत कुंकू. त्यांच्या खात्याचा फॉर्म नव्याने भरायचा होता. पतीच्या नावापुढे हयात की मयत, असा रकाना. मी विचारले. आजी शांतपणे म्हणाल्या, “ते बोटीर आसत, सायब.” बाजूचा शिपाई माझ्या कानात कुजबुजला, की बोट बेचाळीस साली गेली ती आलीच नाही. मी तो रकाना रिकामा सोडला. लढाईनंतर कंपनीकडून थोडे पैसे आले म्हणे. पण ते घेताना ज्या कागदावर अंगठा द्यायचा त्यावर ‘मयत’ लिहिलेले होते, म्हणून आजींनी बरीच वर्षे अंगठा दिला नाही. घरच्यांनी बारा वर्षांनी पालाशविधी करायचे ठरवले तेव्हा त्या माहेरी निघून गेल्या. पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, हे त्यांना मान्य नव्हते. माणूस समुद्रात गेलाय, जंगलात नाही, असे त्या म्हणत.

याला भाबडेपणा म्हणणे सोपे आहे. मला तसे कधी वाटले नाही. ज्या गोष्टीचा पुरावा कोणी आणून दिला नाही ती गोष्ट त्या बाईने मान्य केली नाही, एवढेच. बँकेत आम्ही तरी दुसरे काय करतो? ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतो आणि खुलासा येईपर्यंत तशीच ठेवतो. आजींनी आपला नवरा चव्वेचाळीस वर्षे त्या खात्यात ठेवला होता.

आपला कायदाही जवळपास तसेच सांगतो. जुन्या पुरावा कायद्याचे १०८ वे कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ वे झाले आहे. १ जुलै २०२४ पासून तो कायदा लागू आहे. ज्याची खबर स्वाभाविकपणे ज्यांना मिळायला हवी होती त्यांना सात वर्षे मिळाली नाही, तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पुरावा नसेल तर विमा, ठेवी, घराचा उतारा, मुलीच्या नावावर करायची जमीन, हे सगळे सात वर्षे लोंबकळते. शिवाय सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरला जातो, मृत्यूची तारीख नव्हे. ती वेगळी सिद्ध करावी लागते. लहान रकमा बँका पोलिसांचा ‘तपास लागत नाही’ असा अहवाल आणि हमीपत्र घेऊन देऊ शकतात. पण समुद्रात नाहीशा झालेल्या माणसाची तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात द्यायची? मालक ग्रीसचा, झेंडा लायबेरियाचा किंवा पनामाचा, भरती करणारा एजंट बेलापूरचा, घटना तांबड्या समुद्रातली आणि बायको देवगडची. प्रत्येक खिडकीवर तिला पुढच्या खिडकीकडे बोट दाखवले जाते.

तांबड्या समुद्राचे नाव घेतले ते मुद्दाम. ही सगळी महायुद्धाची जुनी कहाणी असती तर रविवारी सकाळी तुमच्या चहात मीठ घालायचे मला कारण नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूती बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवले. त्यावरचे २५ खलाशी सुटले ते जानेवारी २०२५ मध्ये, चौदा महिन्यांनी. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्राने आग लागली. त्यावर २२ भारतीय होते. आपल्या नौदलाच्या ‘विशाखापट्टणम’ या युद्धनौकेवरचे जवान आग विझवायला धावले आणि सगळे वाचले. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर तीन खलाशी मारले गेले, वाचलेल्या २१ जणांना आपल्या ‘कोलकाता’ने उचलले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इराणने पकडलेल्या ‘एमएससी एरीज’वरच्या २५ जणांत १७ भारतीय होते. जूनमध्ये ‘ट्यूटर’ जहाजाच्या इंजिनघरात एक फिलिपिनो खलाशी बेपत्ता झाला आणि पुढे जहाजच बुडाले. त्याच्या घरी आज कोणती आजी कोणता रकाना रिकामा सोडते आहे, मला माहीत नाही.

१९४२च्या खलाशापेक्षा आजच्या खलाशाच्या हाती अधिक आहे, हे कबूल केले पाहिजे. सागरी कामगारांचा २००६चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्या करारातल्या दुरुस्तीनुसार डिसेंबर २०२० पासून चाच्यांनी वा सशस्त्र दरोडेखोरांनी ओलीस ठेवलेल्या खलाशाचा पगार, सुटका होईपर्यंत चालू ठेवावा लागतो. बोट गेली की पगार बंद, या जुन्या रीतीला दिलेले हे उत्तर आहे. यायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. तरी त्यात फट आहेच. एखाद्या देशाच्या लष्कराने जहाज अडकवले, तर ते ‘चाचे’ आणि ‘दरोडा’ या शब्दांत सरळ बसत नाही. मोठ्या कामगार संघटना आणि जहाजमालक यांच्या समझोत्यानुसार युद्धक्षेत्रात जायला खलाशी नकार देऊ शकतो आणि गेला तर जादा वेतन व मृत्यूची दुप्पट भरपाई मिळते. पण हा हक्क ज्यांच्या जहाजाला तो समझोता लागू आहे त्यांना. ज्या पोराने एजंटला लाखांत पैसे मोजून पहिली बोट मिळवली, तो नकार कशाच्या बळावर देणार? घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचे हप्ते बंद पडायला नकाराचा एक शब्द पुरतो. असे कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून गेलेले आहेत. ‘कारण’ या रकान्यात ‘मुलाचे शिक्षण’ असे लिहिलेले असे. खरे कारण गावात सर्वांना ठाऊक असे.

त्यात भर म्हणजे मालकाने वाऱ्यावर सोडलेली जहाजे. २०२४ मध्ये जगभरात तीन हजारांवर खलाशी असे परक्या बंदरांत पगाराविना अडकून पडले, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची होती. जगाला खलाशी पुरवणाऱ्या पहिल्या काही देशांत आपण आहोत, याचा अभिमान ५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनाला आपण बाळगतो. अभिमानाबरोबर येणारी जबाबदारी वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी असते.

तेव्हा काय व्हावे? मला तीन गोष्टी सुचतात. पहिली सरकारने करायची. १९५८चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२५ मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. त्याच्या अंमलबजावणीत युद्धक्षेत्रात बेपत्ता झालेल्या खलाशाच्या कुटुंबासाठी एकच खिडकी असावी. जहाजाच्या कप्तानाची नोंद आणि वाचलेल्या सहकाऱ्यांचे जबाब नौवहन महासंचालनालयाने गोळा करावेत आणि ठरावीक मुदतीत असा दाखला द्यावा, की जो बँक, विमा कंपनी आणि तहसीलदार मान्य करतील. सैनिक बेपत्ता झाला तर त्याच्यामागे त्याची पलटण उभी असते. खलाशामागे पलटण नसते. म्हणून त्याच्या बायकोला खिडकी हवी.

दुसरी गोष्ट घरच्यांनी करायची, आणि ती आजच होण्यासारखी आहे. मुलगा बोटीवर निघाला की पेढे वाटा, पण त्याआधी त्याच्या कराराची प्रत घरी ठेवा. भरती करणाऱ्या एजंटाकडे महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते तपासा. जहाजाचे नाव बदलते, झेंडा बदलतो, पण त्याचा आयएमओ क्रमांक बदलत नाही. तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. जहाजाचा विमा कुणाकडे आहे ते विचारा. खाते जोडनावाने काढा, नॉमिनेशन भरा, आणि कर्जावर विमा घ्या. या गोष्टी बोलणे अशुभ आहे असे घरातले वडीलधारे म्हणतील. माझ्या तेहेतीस वर्षांच्या नोकरीत नॉमिनेशन भरल्यामुळे कोणी मेल्याचे मी पाहिलेले नाही. न भरल्यामुळे मागच्यांची झालेली फरपट मात्र पुष्कळ पाहिली.

तिसरी गोष्ट आपण सर्वांनी करायची. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या, समुद्राखेरीज दुसरे थडगे नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या साडेसहा हजारांच्या आसपास नावांची दोन सारखी पुस्तके केली गेली. एक मुंबईत, एक चितगावात. त्यांतली सुमारे चारशे नावे नौदलाची, बाकी सगळी व्यापारी बोटींवरच्या साध्या खलाशांची. लंडनला टॉवर हिलवर ब्रिटिश खलाशांचे मोठे स्मारक आहे. पर्यटक तिथे थांबतात, फुले ठेवतात. आपले स्मारक गोदीच्या गजबजाटात आहे आणि त्याच्या शेजारून रोज जाणाऱ्यांनाही ते ठाऊक नाही. ती नावे कुणी तरी मराठीत उतरवून काढावीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या शाळांनी आपापल्या खाडीकाठच्या गावांत जाऊन ती घरांशी जुळवून पाहावीत. कुठल्या तरी घरात भिंतीवर एक धूसर फोटो असेल, ज्याच्याबद्दल घरातल्या पोरांना ‘आमचे पणजोबा बोटीवर होते’ याहून अधिक काही सांगता येत नाही. त्या फोटोला बोटीचे नाव आणि तारीख मिळाली, तर ते काम एखाद्या सहामाही प्रकल्पाहून थोर ठरेल.

चांदीच्या २,३६४ लगडी वर काढायला पैसा होता, यंत्रे होती आणि भांडायला दोन पक्ष होते. तळाशी राहिलेल्या २८० माणसांसाठी कुणी न्यायालयात गेले नाही, जाण्यासारखे काही नव्हतेही. त्यांना वर काढा, असे मी म्हणत नाही. समुद्राने घेतलेले समुद्राकडे राहू द्यावे. पण त्यांतल्या खलाशांची नावे पाण्यात नाहीत. ती कागदावर आहेत, आपल्याच शहरात, लोकलच्या एका स्टेशनाच्या अंतरावर. तिथवर चालत जायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.